रामराव आबांच्या एसीचा फॉल्ट

७ एप्रिल, सोमवार

ही डायरी रेणूनं आणली. माझ्या बायकोनं. म्हणली, गिऱ्हाइकापुढं जेवढं बोलता त्यातलं अर्धं ह्यात लिहीत जा, म्हणजे दुकान चालंल. मी फार बोलतो असं तिचं म्हणणं. मी बोलत न्हाई, समजावून सांगतो. ज्याची गाडी त्याला तिच्यात काय झालंय ते कळायला नको का? जालन्याला उस्तादांच्या गॅरेजात अकरा वर्षं काढली, तिथं बी समजावूनच सांगत होतो. उस्ताद म्हणायचे, बिरू, पाना चालव, तोंड न्हाई.

तर आता दुकान स्वतःचं. अंकुशनगरच्या फाट्यावर, कारखान्याच्या कॉलनीच्या तोंडाशी. पत्र्याचं शेड, एक लिंबाचं झाड, चार प्लास्टिकच्या खुर्च्या. बोर्ड मी स्वतः उभं राहून रंगवून घेतला: "बिरू कार एसी इलेक्ट्रिक." आन् खाली दुसरी ओळ: "एसी थंड न्हाई झाला तर पैसे न्हाई." रेणू म्हणली दुसरी ओळ नको. मी म्हणलो, अगं तीच तर खरी ओळ हाय.

निघताना उस्ताद म्हणले होते, उन्हाळा सरायच्या आत परत येशील, तुझा स्टूल रिकामा ठेवतो. एसीचा धंदा म्हणजे उन्हाळ्याचाच. हे दोन महिने जमलं तर जमलं, न्हाई तर त्या स्टुलावर जाऊन बसायचं आन् उस्तादांचं हसणं ऐकायचं. आज दिवसभरात एकच जण आला. तो बी हवा भरायला.

९ एप्रिल, बुधवार

आज खरं गिऱ्हाईक आलं! कुंभार पिंपळगावचे रामराव आबा. ऊस, आंब्याची बाग, गावात शब्दाला वजन. पांढरी गाडी स्वतः चालवत आले. मागच्या सीटवर त्यांच्या मालकीण, नंदाबाई मावशी, मांडीवर ही एवढी पिशवी घेऊन. अंबडला दोन एसीवाले बसलेत, ते टाकून आबा वाट वाकडी करून माझ्याकडं आले. म्हणजे नाव तिथवर गेलं म्हणायचं. रेणूला हे सांगितलं तर ती नुसतं "हं" म्हणली.

तक्रार अशी की एसी लावला की पंधरा मिनिटं थंड, मंग गरम वारा, थोड्या वेळानं परत थंड. गावातल्या मिस्त्रीनं सांगितलं होतं गॅस संपलाय. आपल्याला काही कळत न्हाई हे सांगायची ही मिस्त्री लोकांची सभ्य पद्धत. मी गेज लावून पाह्यलं, गॅस बराबर. मंग बॉनेट उघडलं, गाडी चालूच ठेवली आन् नुसता उभा राह्यलो. समोरच्या जाळीमागचा पंखा फिरत होता, पण तापातून उठल्यावानी. पंखा हळू म्हणून गॅस तापतो, प्रेशर चढतं, आन् प्रेशरचा स्विच कॉम्प्रेसरला बंद पाडतो. मंग पंखा हळू का? मोटर थेट बॅटरीवर लावली तर भिंगरीवानी फिरली, म्हणजे मोटर चांगली. पंखा परत गाडीच्या वायरिंगला जोडला, चालू केला आन् मीटरची एक तार पंख्याच्या अर्थिंगला धरली, दुसरी बॅटरीच्या मायनसला. इथं आकडा शून्याजवळ पाह्यजे. आला दोन. बारातले दोन व्होल्ट रस्त्यातच सांडून राह्यले होते. अर्थिंगच्या तारेचं टोक गंजून हिरवं पडल्तं. घासलं, आवळलं, ग्रीस लावलं. गाडीत बर्फ.

मावशींनी आल्या आल्याच इचारलं होतं, किती वेळ लागंल बाळा. मी म्हणलो अर्धा तास. त्यांचं तोंड उतरलं. मी म्हणलो बरं, दोन तास धरा. तर खुलल्या! असं गिऱ्हाईक मी अकरा वर्षांत पाह्यलं न्हाई. मंग पिशवी उचलून म्हणल्या, कॉलनीतल्या देवळात जाऊन येते. आबा कॉलनीकडं पाठ करून खुर्चीवर बसले आन् रस्त्यावरचे ट्रक पाहू लागले. मावशी आल्या तेव्हा पिशवी रिकामी आन् डोळे लाल. आमच्या रस्त्याला धूळच एवढी हाय.

आल्यावर मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. आबांनी ऐकलं न्हाई, पण मावशींनी काय ध्यान देऊन ऐकलं! म्हणल्या, पण हे मशीन मुळात कशानं बंद पडतं? मी त्यांना बॉनेटचा खटका दाखवला, आतली पेटी उघडली आन् काळी डबी हातात दिली. ह्याला रिले म्हणत्यात मावशी, म्हणलो. आगपेटीच्या निम्मी वस्तू, पण ही नुसती वर उचलली की एसी ठार, आन् गाडीला बाकी काहीच होत न्हाई. त्यांनी डबी तळहातावर तोलून पाह्यली आन् बराबर जागच्या जागी बसवून दिली. हुशार बाई.

जाताना आबांनी बोर्डाकडं पाहून इचारलं, परत बंद पडला तर? मी म्हणलो, परत बंद पडला तर फुकट करीन, दहा वेळा या. मावशींनी बी बोर्ड वाचला, अक्षर लावत लावत.

१७ एप्रिल, गुरुवार

आबांची गाडी परत आली. एसी बंद.

बोर्डाची दुसरी ओळ आठवली. पण पेटी उघडली तर रिले अर्धवट वर आलेला. दाबला, कॉम्प्रेसरचा क्लच "टक्" करून बसला, थंड वारा सुरू. एका मिनिटाचं काम. खड्ड्यांनी हलला असंल. पण तोवर मावशी पिशवी घेऊन देवळात गेल्या बी होत्या, मंग त्या येईस्तोवर मी प्रेशर स्विचचा प्लग काढून घातला, वायरी तपासल्या, कामात हाय असं दाखवत बसलो.

आबांनी आज खुर्ची आडवी लावली होती. इचारत होते, कॉलनीतल्या क्वार्टरला स्लॅब हाय का पत्रा. मी म्हणलो स्लॅब, पण तापतो. पाणी रोज येतं का? दिवसाआड. लाईट? जाते-येते. मला वाटतं त्यांना इकडं प्लॉट घ्यायचा हाय. मी म्हणलो आबा, घेऊ नका, ह्या कॉलनीत उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो. तर चिडल्यावानी माझ्याकडं पाह्यलं. खरं बोललेलं लोकांना चालत न्हाई.

१८ एप्रिल, शुक्रवार

रेणूनं इचारलं, मावशी नेमक्या कोणत्या देवळात जातात? मी म्हणलो, कॉलनीतलं मारुतीचं. ती म्हणली, दुपारी त्याला कुलूप असतं. मी म्हणलो, भक्ती असली की बाहेरून बी दर्शन होतं. ती भाकरी थापता थापता हसली.

२५ एप्रिल, शुक्रवार

वाईट दिवस. आबांची गाडी तिसऱ्यांदा आली. रिले गायब! हललेला न्हाई, सैल न्हाई, जागाच रिकामी. चार भोकं माझ्याकडं पाहून राह्यली होती.

मी आबांना इचारलं, गाडी धुवायला कुठं देता? घरीच धुतो म्हणले. मंग कुणी बॉनेटला हात लावला? ते म्हणले, तू. आन् वर हे बी सांगितलं की गावच्या बाजारात चार माणसांत बोलणं निघालं, फाट्यावरच्या बोर्डवाल्या मिस्त्रीला साधा एसी जमंना. पिंपळगावच्या दोन गाड्या माझ्याकडं येणार होत्या, त्या अंबडला गेल्या. गिऱ्हाईक एकदा तुटलं की दोरीनं बांधून आणता येत न्हाई.

मावशी देवळात. आज पिशवी दोन्ही हातांनी उचलून नेली.

नवा रिले माझ्या पदरचा बसवला. ह्या वेळेस अक्कल लढवली. रेणूची नेलपॉलिशची बाटली आणली आन् रिलेच्या डोक्यावर जांभळा ठिपका दिला. आता कुणी बदलला, चोरला, तरी माल माझा म्हणून ओळखू येईल. उंदरांचा बी संशय हाय. आमच्या इकडचे उंदीर काही बी नेत्यात, एकानं रेणूचं कानातलं नेल्तं.

२ मे, शुक्रवार

ठिपक्यासकट गायब.

मी पाना जमिनीवर आपटला. आबा, म्हणलो, मी बारा गावच्या गाड्या पाह्यल्या, पण अशी गाडी न्हाई पाह्यली. माझं डोकं फिरलं होतं, त्यांना ओढत बॉनेटपाशी नेलं आन् सगळं दाखवलं. हा रिले, हा प्रेशर स्विच, हा लाल फ्यूज. ह्यातलं एक जरी निघालं तरी एसी बंद, फ्यूज तर चिमटीत येतो, लेकरू बी काढंल, पण आपोआप काही निघत न्हाई आबा, कुणी तरी काढावं लागतं! आबांनी मिशीवरून हात फिरवला. म्हणले, हा लाल का? मी म्हणलो हा लाल. न कळणाऱ्याला समजावून सांगणं हे पुण्याचं काम, पण त्यात जीव जातो.

नवा रिले बसवला. मावशी यायला उशीर होता, म्हणून आबा बसले. आज खुर्ची कॉलनीकडं तोंड करून. तिकडं सावली चांगली पडते. इचारलं, बिरू, आठव्या महिन्यात बाईला गाडीत बसवत न्हाईत म्हणत्यात, खरं हाय का? मी म्हणलो मला काय माहीत आबा, मी एसीवाला. म्हातारपणी माणसाला काय काय इचार येत्यात.

निघताना डिकीतून आंब्याची पेटी काढली, घरच्या केशरची. म्हणले, ही घरी नेईस्तोवर नासंल, तू देऊन टाक कुणाला तरी. कॉलनीत कुणी अडली-नडली, जिवाला जपायची बाई असंल तर तिला दे. मावशी गाडीत खाली मान घालून बसल्या होत्या.

कॉलनीत मी कुठं अशी बाई हुडकत बसू? नऊ आंबे मीच खाल्ले. काय गोडी! बाकीचे रेणूनं माझ्या हातून हिसकावून घेतले आन् पदराखाली घालून कुठं तरी गेली.

३ मे, शनिवार

दुपारी जेवायला बसलो. ताटात भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा, आन् कांद्याशेजारी रिले. डोक्यावर जांभळा ठिपका.

मी घास तसाच धरून राह्यलो. रेणू म्हणली, "काखेत कळसा आन् तुम्ही उंदीर हुडकून राह्यले."

मंग सांगितलं. कॉलनीत क्वार्टर नंबर चौदाला अर्पिता राहते. रामराव आबांची एकुलती एक लेक. नवरा ओमप्रकाश, कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला, आमच्यासारखाच मेंढरंवाल्याच्या घरचा. दोन वर्षांमागं पोरीनं आपल्या मर्जीनं लग्न केलं. तेव्हापासून आबांनी घरात तिचं नाव काढू दिलं न्हाई. आता तिला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर माहेरचं कुणी मुराळी म्हणून न्यायला यावं लागतं. मावशी म्हणली मी नेते, पण पोरगी बी बापाचीच. म्हणती, आबा स्वतः मुराळी होऊन आले तर येईन, न्हाई तर इथंच होईल ते होईल. आन् सातवा सरला की आठव्यात हलवत न्हाईत. दहा-बारा दिवस राह्यले.

एसी बंद पडला की गाडी इकडं येते. गाडी इकडं आली की आईला लेक भेटते. मावशी घरून निघायच्या आधी रिले काढून पदराला बांधून आणती, आन् काल पोरीला तूप-लाडू देता देता तिथंच ठेवून गेली.

मी म्हणलो, आन् हे तिला शिकवलं कुणी? रेणू म्हणली, तुम्ही, दुसरं कोण.

तुला कधीपासून माहीत होतं? म्हणली, पह्यल्या दिवसापासून, मीच अर्पिताच्या घरी चहाला बसले होते तेव्हा मावशी दारात आली. मंग मला का न्हाई सांगितलं? त्यावर तिनं नुसतं माझ्या तोंडाकडं बोट दाखवलं.

मी लई चिडलो. इथं माझं नाव बाजारात मातीमोल झालं, दोन गाड्या गेल्या, उस्ताद स्टूल पुसून वाट पाहून राह्यले, आन् ह्या बायका माझ्या रिलेवर खेळून राह्यल्या! मंग आंबे आठवले. त्या पोरीच्या बापाच्या झाडाचे, तिच्या तोंडात पडायचे ते मी नऊ खाल्ले. आबा बिचाऱ्यांना काय ठाऊक, आपली पेटी लेकीच्या दारापाशी सोडून गेलो म्हणून. आठव्या महिन्याचं इचारत होते ते बी रेणूला सांगितलं. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. म्हणली, परत सांगा, जसंच्या तसं. मी सांगितलं. तर डोळ्याला पदर लावून हसायला लागली. बायकांचं काही कळत न्हाई.

५ मे, सोमवार

उस्तादांचा फोन. त्यांच्या कानावर गेलंय. म्हणले, एक रिले तुला सापडंना म्हणत्यात, ये परत, शिकवतो. मी फोन ठेवला. दिवसभरात गिऱ्हाईक न्हाई.

ठरवलं. आबा आले की सरळ सांगून टाकायचं. माझं दुकान बुडवून मी कुणाची भेट घालून देऊ? रेणूला बोललो तर म्हणली, सांगून तर पाहा, मंग जेवायला उस्तादांकडंच जा.

८ मे, गुरुवार

आले. एसी बंद. मावशी गाडीतून उतरल्या, पिशवी जड, चाल हळू. मी त्यांच्याकडं पाह्यलं आन् त्यांना कळलं की मला कळलंय. जवळ येऊन हळूच म्हणल्या, "बाळा, सातवा सरंस्तोर. मंग तुझ्या दारात येणार न्हाई."

पदराची गाठ सोडून रिले माझ्या हातात दिला आन् गेल्या. माझी आई आसराबाई अशीच पदरात बांधून काही-बाही आणायची मी जालन्याला असताना, उस्तादांच्या दारात उभी राहून. माझा सगळा राग कुठं गेला कुणास ठाऊक.

तरी तोंडाची सवय. आबांपाशी गेलो आन् बोलून बसलो, "आबा, तुमच्या गाडीचा खरा फॉल्ट मला कळला."

आबांचा मिशीवरचा हात तिथंच थांबला. माझ्याकडं नीट पाह्यलं. म्हणले, "कळला? मंग तोंडात ठेव."

खर्च ऐकायची हिंमत झाली नसंल. मोठ्या माणसांचं असंच असतं.

पेटी उघडून रिले बसवला. बटन दाबलं. "टक्" न्हाई. परत दाबलं. न्हाई! मीटर लावला, रिलेच्या पायाशी करंटच येईना. मागं मागं गेलो तर लाल फ्यूजची जागा रिकामी. मावशी परत आल्यावर बाजूला घेऊन इचारलं, मावशी, फ्यूज बी काढला का? त्यांनी गळ्याची आण घेतली. मी फक्त काळी डबी काढते, लाल कशाला हात लावू?

खोटं बोलणारी बाई न्हाई ती. माझ्याकडचा नवा फ्यूज बसवून गाडी दिली, पण मंग जुना कुणी नेला?

आबांना तीन तास लागतील म्हणून सांगितलं होतं. लागू दे म्हणले. मधे उठले, कारखान्याची चिमणी पाहून येतो म्हणून कॉलनीत शिरले, पह्यल्या वळणापर्यंत गेले, तिथं उभे राह्यले, आन् परत फिरले. मी म्हणलो आबा, चिमणी तर इथूनच दिसते.

९ मे, शुक्रवार

रेणूला फ्यूजचं कोडं घातलं. ती हसून हसून खाली बसली. म्हणली, दोन उंदीर हायत म्हणा. हे मला पटलं. काळं नेणारा एक, लाल नेणारा एक. पुढच्या वेळेस आबांना पिंजरा देणार.

बोर्डाची दुसरी ओळ पुसायला निघालो होतो. लोकांनी हसायचं तरी किती. रेणूनं ब्रश हातातून काढून घेतला. म्हणली राहू द्या, तीच तर खरी ओळ हाय.

१३ मे, मंगळवार

सकाळी दुकान झाडत होतो, तर पांढरी गाडी. आबा उतरले. डोक्याला नवा फेटा, अंगात कडक इस्त्री. मावशी मागून उतरल्या, पिशवी घेऊन, दर वेळेसारखं तोंड देवळाकडं. आबांनी त्यांना हातानं थांबवलं. मंग खिशातून चुन्याची डबी काढली, चष्मा काढला, आन् खिशाच्या तळातून एक वस्तू काढून माझ्या तळहातावर ठेवली. लाल फ्यूज. एक न्हाई, दोन.

"हे लाव," म्हणले. "आन् आज बराबर कर. आज बंद पडून चालायचं न्हाई. पोरगी बसायची हाय."

सवयीनं माझ्या तोंडून गेलं, कोण पोरगी?

"अर्पिता. माझी लेक. मुराळी म्हणून आलोय मी."

दोन वर्षांत पह्यल्यांदा नाव घेतलं असंल. मावशी फ्यूजकडं पाहून राह्यल्या, मंग नवऱ्याकडं, मंग परत फ्यूजकडं. मंग त्यांनी गपचूप पदराची गाठ सोडली आन् माझ्या दुसऱ्या तळहातावर काळी डबी ठेवली. आबांनी ती पाह्यली. दोघांनी एकमेकांकडं पाह्यलं. मावशी तोंडावर पदर धरून हसल्या आन् हसता हसता रडल्या. आबा म्हणले, मला वाटलं एसी तूच ह्याच्याकडून मोडून घेतेस.

आन् मी, दोन्ही हातांत दोन उंदीर घेऊन उभा. अंबड टाकून आबा माझ्याकडं का आले, ते मला आज, ह्या घडीला कळलं. माझं नावबिव कुठं गेलं नव्हतं. कॉलनी इथं होती.

बसवलं. बटन दाबलं. "टक्" न्हाई.

आई शपथ! आबांना वाटलं मी मुद्दाम करतो. म्हणलो आबा, ह्या वेळेस खरा हाय, पाच मिनिटं द्या. फ्यूजला करंट, बराबर. रिलेला करंट, बराबर. पुढं प्रेशर स्विच. प्लगला हात लावला तर डगमगला. दर वेळेस मावशी येईस्तोवर कामात दिसावं म्हणून मी तोच प्लग काढत-घालत होतो, त्याच्या आतली पट्टी पसरली होती. चोरी ह्या दोघांची, पण खरा फॉल्ट माझ्या हातचा. पट्टी चिमट्यानं आवळली, प्लग दाबला. टक्! एवढा गोड आवाज मी कधी ऐकला न्हाई. गाडी चालू ठेवून दहा मिनिटं हात जाळीपुढं धरून बसलो, मधे बंद पडतो का पाहत.

दोघं चालत गेले. रेणू त्यांच्या मागं मागं गेली, मी हातातलं टाकून रेणूच्या मागं. चौदा नंबरचं दार पोरीनंच उघडलं. बापाला पाहून उंबऱ्यातच थांबली. आबांनी वाटेत काय काय घोकलं असंल, पण तोंडातून निघालं एवढंच:

"गाडी थंड करून ठेवलीय. चल."

पोरीनं त्यांच्या छातीवर डोकं टेकलं. फेटा तिरका झाला, त्यांनी सारखा केला न्हाई. मी लिंबाखाली परत आलो, मला डोळ्याला जरा धूळ लागली होती. आमच्या रस्त्याला धूळच एवढी हाय.

निघताना ओमप्रकाशनं सामान डिकीत ठेवलं. आबा त्याच्याशी बोलले न्हाईत, पण पिशवीचा एक बंद त्यांनी धरला, एक त्यानं. पोरगी पुढं बसली, बापाशेजारी. मावशी मागं. आबांनी एसी फुल्लवर केला आन् मंग चारही काचा खाली केल्या! पह्यल्या गिअरात, हॉर्न वाजवत, अख्ख्या कॉलनीतून गाडी फिरवली, दारादारातल्या बायकांना दिसावं म्हणून, आन् माझ्या दुकानापुढून रस्त्याला लागले. कुंभार पिंपळगाव येईस्तोवर काचा लावल्या नसतील, लिहून ठेवतो.

एसी चालू असताना काचा उघड्या ठेवल्या की सगळा गारवा बाहेर जातो, कॉम्प्रेसरवर लोड येतो. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे समजावून सांगतो. आज आबा हात वर करून समोरून गेले तेव्हा बी मी तोंड उघडलं होतं. रेणूनं माझ्याकडं पाह्यलं, आन् मी मिटलं.